माईच्या निऱ्या

२ एप्रिल
कपडेपटाच्या पेट्या उघडल्या. कडुनिंबाच्या पाल्याचा पार भुगा झालेला, झटकून टाकला. शालू गच्चीवर सावलीत टाकले. जरीला ऊन चालत नाय हे दरसाली सांगायचं आणि दरसाली कुणीतरी उन्हातच टाकायचं.

तळ्याकाठचं संगीत नाटक ५ मेपासून. चार शनिवार. रुक्मिणी माईच करणार. एकसष्ट वय झालं, पण तसलं गाणारी दुसरी आहे कोण या गावात.

माप म्हणून हिरवा शालू माईला नेसवला. निऱ्या ९.

अकरा वर्षं झाली. या शालूच्या माईला सात निऱ्या बसतात. आठ नाय, सहा नाय. डोळे मिटून घालते मी. आज कापड उरलं. सोडून परत घातल्या. नऊच.

म्हटलं, "माई, वाळलात का व्हय?"
"ऊन गं. जेवण जात नाही."
असंल. मलाबी जात नाय.

९ एप्रिल
तालीम. नि. १०. ओचा दाबून खोचला.

जोशीसर लांबून बघत होते. नाटक तेच बसवतात, कारभारबी त्यांचाच. म्हणाले, "माई, रुक्मिणी फारच बारीक झाली. झेपेल ना?"
माई म्हणाली, "आधी तुमच्या पोटाला विचारा, मग माझ्याकडे या."
सगळे हसले. सर पण हसले. पण नंतर ऑर्गनवाल्यापाशी जाऊन पुण्याच्या कुठल्या मुलीचं विचारत होते. मी तिथंच इस्त्री करत होते. इस्त्री करणाऱ्या बाईला कान नसतात असं लोकांना वाटतं.

माईनंबी ऐकलं होतं. रिक्षात बसताना माझं मनगट धरलं. "शोभे, यंदाचं मला करू दे. काहीतरी कर. तुला जमतं."
म्हटलं, करते.

११ एप्रिल
पट्टा शिवला. जुनं सुती पातळ, आठ घड्या. कापूस नाय घातला, घाम धरतो. गोधडीसारखे उभे टाके, दोन्ही अंगाला नाड्या. माईच्या कमरेला बांधून वरून शालू. नि. ७.

पुढून बघितलं, मागून बघितलं. दोन वर्षांमागची माई. लई हुशारी वाटली स्वतःची.

१४ एप्रिल
जयंती. क्रांती चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे हे टँकरवर ड्रायव्हर, त्यांनी टँकरलाच निळे झेंडे लावले. मी म्हटलं आत पाणी आहे का, तर म्हणे आज नुसता जोश.

माईचा फोन आला, दरसाली येतो. "जय भीम शोभे. माझे लाडू ठेव." मग जरा थांबून, "नको, राहू दे. पचत नाहीत."
उभ्या उभ्या पाच खाणारी बाई.

गल्लीत नळाला पाणी नाय, आज नववा दिवस.

२३ एप्रिल
तळ्यावर स्टेज बघायला गेलो. मागं शेवटच्या पायरीला पाणी लागायचं. दिवे लागले की पाण्यात त्यांची उलटी रांग दिसायची, लोक टाळ्या वाजवायचे. यंदा पायरीखाली भेगा. पाणी पार लांब, दोन म्हशी बसतील एवढं. मेलेल्या माशांचा वास.

पलीकडं नव्या बिल्डिंगी झाल्यात. मागच्या साली तिथं ज्वारी होती. एकीवर मोठ्या अक्षरात लेक व्ह्यू. हे म्हणाले, "लेक गेली सासरी, व्ह्यू तेवढा राहिला."

सरांनी गाळावर निळं प्लास्टिक अंथरून घेतलंय. दिव्यात लांबून पाणी वाटंल म्हणे. एक कुत्रं त्याच्यावरून चालत आलं. पाण्यावरून.

धूळ गाणाऱ्यांच्या घशात जाते म्हणून रोज दोन टँकर जमिनीवर मारायचे ठरलंय. एक यांचा. फुलंब्रीच्या अंगाला एक विहीर आहे, तिथनं भरून आणतात. मी म्हटलं, येता येता आपल्या गल्लीत एक हंडा. म्हणाले, "गावातल्या बाया टँकरपुढं आडव्या बसतात. त्यांना सांगितलं दवाखान्याला चाललंय. तुझ्यापायी दुसरं खोटं बोलू का?"

भांडले. मग जेवायला वाढलं.

५ मे
पहिला प्रयोग.

कपडेपटात माझा नियम आहे. तीननंतर बायांना पाणी बंद. एकदा कासोटा घातला की चार तास सोडता येत नाय, आणि तळ्यावरच्या त्या फिरत्या संडासात पाणीच नसतं. आजवर सगळ्या पाळतात. माई पण.

आज चाळीसच्या वर ऊन. पत्र्याच्या खोलीत इस्त्री चालू. माईचे ओठ फुटलेले बघून मीच म्हटलं, "दोन घोट घ्या, सोडून परत नेसवीन."
"नियम कुणाचा?"
"माझाच."
"मग गप बस."

पट्टा बांधला, शालू नेसवला. पदर काढायला पंधरा मिनिटं. नांदी झाली, माई गेली. खुर्च्या भरलेल्या. लांबून प्लास्टिक खरंच पाणी वाटत होतं, मला राग आला.

प्रयोग झाल्यावर बाया आत आल्या. "माई, वय मागं टाकलंत हो. काय अंग राखलंय." माई हसून माझ्याकडं बघायची. मीपण हसले.

पट्टा काढला तेव्हा पिळून पाणी निघालं. खाली कातडीला नाड्यांचे वळ.

६ मे
रंग लावणारे रशीदभाई सकाळी सामान न्यायला आले. म्हणाले, "आपा, एक बात बोलूं? माई के चेहरे पे रंग पकडता नै. नीचे से पीला मारता. कल तीन बार लगाया मैं."
म्हटलं, रंगच जुना असंल तुमचा.
"रंग नया है आपा. चमडी बोल रई."

मी म्हटलं लाईटीचं असंल. नंतर दिवसभर तेच डोक्यात.

७ मे
ज्योतीला घेऊन गेले तालमीला. माझी मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. डबा द्यायचं निमित्त. माईनं तिच्या गालावरून हात फिरवला, चार शब्द बोलली.

बाहेर आल्यावर ज्योती म्हणाली, "आई, डोळे बघितलेस का त्यांचे?"
"काय डोळे?"
"पिवळे हायेत. तू रोज एवढ्या जवळनं नेसवतीस, दिसलं नाय?"
मी कमरेकडं बघते. डोळ्याकडं बघायला मी काय प्रेक्षक आहे. असं म्हटलं तिला. चुकलंच.
"उन्हानं एवढं वजन जात नाय आई."

९ मे
दुसऱ्या प्रयोगासाठी मोत्याची नथ शोधत होते. मोठी पेटी, तळाला जांभळी पैठणी. तिच्याखाली खाकी फाईल. आत काळे फोटो आणि इंग्रजी. माझी शाळा चौथी. माईचं नाव तेवढं लागलं.

संध्याकाळी ज्योतीनं वाचली. वाचता वाचता खाली बसली.
"पोटात गाठ हाय. तपासणी फेब्रुवारीतली. ऑपरेशन लगेच करा असं लिहिलंय."
"लगेच म्हणजे?"
"लगेच म्हणजे लगेच, आई."

आज नऊ मे.

१० मे
मापाचं सांगून माईला बोलावलं. दार लावलं. फाईल तिच्या मांडीवर टाकली. "हे माझ्या पेटीत कामून?"

जराबी दचकली नाय. "घरी सूनबाई सगळे कप्पे आवरते. तुझ्या पेटीला हात लावायची कुणाची टाप नाही."
"मला चौथी शिकलेली धरून ठेवली व्हय?"
"हो. तेही."

नितीनला माहीत नाय. माईचा मुलगा, वाळूजला कंपनीत मोठा साहेब. माई म्हणाली, "कळलं की त्याच दिवशी झोपवतील मला. उठले तर गळा परत येत नाही या वयात. चार शनिवार, शोभे. एक झाला. तीन राहिले. मग कापा म्हणावं कुठून कापायचं ते."
"आणि मधीच मेलात तर?"
"नेसलेली असेन ना. बरं दिसेल."
मी म्हटलं, असलं बोललात तर शालू फाडून टाकीन. ती हसली. मला हसू आलं नाय.

म्हटलं, मी सांगणार नितीनला. तेव्हा मात्र चेहरा बदलला. "सांगितलंस तर पुन्हा तुझ्या हातून नेसणार नाही. आणि पट्टा कुणी शिवला गं? मी? लपवलं ते दोघींनी लपवलं."

खरं आहे. मला गाठीचं ठाऊक नव्हतं. पण निऱ्या मोजता येत होत्या.

१२ मे
दुसरा प्रयोग. पट्ट्याला दोन घड्या वाढवाव्या लागल्या. शिवताना सुई बोटात गेली दोनदा.

दुसऱ्या घंटेला माईला ओकारी झाली. पोटात काही नव्हतंच, पिवळं पाणी. बादली मीच धरली. शालूवर एक थेंब पडू दिला नाय तिनं. तोंड पुसलं, रशीदभाईंनी ओठ परत रंगवले. मग माझ्याकडं बघितलं.

मग गायली. मी विंगेत उभी. अकरा वर्षांत असलं ऐकलं नाय. देवळातलं ते पद, कृष्णाची वाट बघते ते. आवाज कुठनं काढत होती कुणास ठाऊक, अंगात तर काही उरलं नाय.

लोक वन्स मोअर ओरडले. परत गायली. परत वन्स मोअर. परत गायली. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मला वाटलं पुढं जावं आणि एकेकाला खुर्चीवरून उठवावं. अरे बास, मेल्यांनो. ती नाय म्हणणार नाय तुम्हाला. सर पडद्यामागं हात जोडून उभे होते, डोळ्यात पाणी. त्यांना कोणी सांगावं.

तिसऱ्यांदाबी गायली.

आत आली ती माझ्या अंगावरच पडली. पट्टा सोडताना पुटपुटली, "बघितलंस? दोन राहिले."

१३ मे
सांगायचं का नाय. ज्योती म्हणते तू नाय सांगितलंस तर मी सांगते. हे म्हणतात मोठ्या लोकांच्या घरातलं आहे, त्यांचं ते बघतील. मी म्हटलं मोठे असतील घरात, माझ्याकडं नुसती बाई येते.

माईनं अकरा वर्षं माझ्याशिवाय कुणाकडून पदर लावून घेतला नाय. एका साली सरांनी दुसरी आणली होती, कामाला साफ. माई जागची हलली नाय. शोभा येईपर्यंत घंटा देऊ नका म्हणाली. पाऊण तास नाटक थांबवलं होतं.

तिचं ऐकावं तर

१४ मे
माईच्या घरी, पुंडलिकनगरला गेले. माई तालमीला जाते तीच वेळ धरली.

सूनबाईनं दार उघडलं. बस म्हणाली. पाणी दिलं ते कागदी कपात. ओट्यावर स्टीलचे पेले उपडे होते, मला दिसत होते. सासूच्या उघड्या कमरेला अकरा वर्षं माझे हात लागतात. असो. पाणी प्यायले. पाणी म्हणजे पाणी, या साली तर जास्तच.

नितीन आला. सरळ सांगितलं. माईच्या पोटात गाठ आहे, फाईल फेब्रुवारीची, ऑपरेशन लिहिलंय.

तो हसला. वाईट नाय हसला, लहान मुलाला समजावतात तसा. म्हणाला, "शोभाताई, काहीतरी गैरसमज होतोय. आई वाळली म्हणून मीही मध्ये घाबरलो होतो. पण हे बघा." मोबाईल काढला. ५ तारखेचा फोटो. हिरवा शालू, भरलेली कमर. "उलट सुटलीये ती. सगळे म्हणतात."

फोटो हातात घेतला. काम चांगलं झालं होतं. कुठं सुरकुती नाय, कुठं फुगा नाय.

म्हटलं, "ती कमर माझी हाय."
"म्हणजे?"
"पट्टा. पातळाचा शिवलेला. एप्रिलपासून बांधते मी. आता दहा घड्या झाल्यात."

त्याचं तोंड हळूहळू उतरलं. पेटीतून आणलेली फाईल मी पुढं ठेवली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. सूनबाई मागं येऊन उभी राहिली.

मग ओरडला. "एप्रिलपासून? तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही बांधत राहिलात? काय बाई आहात हो तुम्ही!"

फाईल मला आत्ता सापडली, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाय. त्यानं बरोबर तेवढंच विचारलं होतं.

सूनबाई म्हणाली, "जा आता तुम्ही."

१५ मे
माईला दवाखान्यात टाकलं. तालमीच्या हॉलमधूनच नेलं. मी होते तिथं. नितीननं दंड धरला होता. माईनं दारात वळून माझ्याकडं बघितलं.

तसं बघण्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं.

जोशीसर माझ्यावर घसरले. "दीड महिना माहीत होतं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत! पोस्टर लागलीत, लोक येणार आहेत!" म्हटलं, सर, तुम्हीच म्हणालात ना फार बारीक दिसते. जाड करून दिली.


१८ मे
ज्योतीचं ट्रेनिंग त्याच दवाखान्यात. म्हणाली, तुला आत सोडू नका असं नितीननं लिहून दिलंय. घरच्यांशिवाय कुणी नाय.

गल्लीत पाणी आलं, गढूळ. भरलं.

१९ मे
तिसरा प्रयोग. पुण्याची मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची. गुणी आहे, खोटं कशाला बोलू. आल्या आल्या पाया पडली माझ्या. "ताई, मला नऊवारीची सवय नाही, सांभाळून घ्या."

तिला हिरवा नाय दिला. जांभळी पैठणी नेसवली. सर म्हणाले हिरवा का नाही, म्हटलं उसवलाय. उसवलेला नाय.

तीन वाजता तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. "पी. लागलं तर सोडून परत नेसवीन." बाकीच्या बाया बघायला लागल्या. म्हटलं बघता काय, तुम्हीपण प्या. आजपासून नियम बंद. एकीनं विचारलं संडासात पाण्याचं काय. सरांना गाठलं, जमिनीवर मारायच्या टँकरमधलं दोन पिंप संडासापाशी लावा, नायतर मी एकीलाबी नेसवत नाय. लावलं. अकरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. नियम करायचं तेवढं सुचलं.

मुलगी चांगली गायली. एक वन्स मोअर. वाऱ्यानं प्लास्टिक एका कडेनं उचललं, फडफडत राहिलं. लोक हसले.

२२ मे
ज्योती रात्रपाळीहून आली. चहा ठेवला पुढं. मग म्हणाली, मोठे डॉक्टर नितीनला सांगत होते, दीड-दोन महिने आधी आणलं असतं तर सरळ होतं. आता गाठ पसरलीय. उघडून बघायचं का नाय तेच ठरंना. सोमवारी ठरवणार.

मी एप्रिलपासून मागं मोजलं, पुढं मोजलं. ज्योती म्हणाली, "आई, फेब्रुवारीपासून त्यांना स्वतःला माहीत होतं."
तिला माहीत होतं ते तिचं. मी दीड-दोनमधला दीड.

पट्टा धुवायचा म्हणून काढला. धुतला नाय.

२४ मे
दुपारी फोन. नंबर अनोळखी. तिकडून आवाज एवढा बारीक की मी म्हटलं कोण पायजे.
"शोभे."
माई. मी दार लावून घेतलं.
"सिस्टरचा फोन आहे. लवकर बोल. कशी गायली ती?"
"बरी गायली."
"किती वन्स मोअर?"
"एक."
"बरं झालं." श्वास घेत होती मधीमधी. "नेसवलंस काय?"
"पैठणी. जांभळी."
"हिरवा?"
"नाय दिला."
मग मी म्हटलं, "माई, चुकलं माझं."
"काय चुकलं? सांगितलंस ते, की बांधलंस ते?"

तेवढ्यात तिच्या मागनं कुणीतरी बोललं. माई घाईनं म्हणाली, "उद्या ये. दोन ते चार नितीन नसतो. ज्योतीला सांग, मागच्या दारानं." आणि ठेवला.

बोलावलं ते कशाला, सांगितलं नाय. शिव्या द्यायला असंल. द्याव्या.

ज्योती म्हणाली सोडते मी, पण दहा मिनिटं. म्हटलं काय नेऊ. म्हणाली काहीच चालत नाय त्यांना, फळ नाय, रस नाय. मग फुलं? तिथं फुलं घेत नाहीत.

पेटी दोनदा उघडली, दोनदा लावली. अकरा वर्षांत तिच्यासमोर मोकळ्या हातानं कधी उभी राहिले नाय. उभं कसं राहायचं तेच कळंना.

उद्या दोनला निघायचं.